बुद्धाचा मूकपट, अछूत कन्या आणि फ्रान्झ ओस्टेन

तथागतांच्या जीवनावर १९२५ साली निघालेला 'प्रेम संन्यास' हा मूकपट आजही इंटरनेटवर पाहायला मिळतो. इंग्रजीत त्याचे नाव 'द लाइट ऑफ एशिया'. पुढे ११ वर्षांनी 'अछूत कन्या' हा बोलपट आला आणि अस्पृश्यतेवरचा गाजलेला चित्रपट म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. हे दोन्ही चित्रपट एकाच माणसाने दिग्दर्शित केले, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. तो माणूस भारतीय नव्हता, बौद्ध नव्हता आणि त्याला हिंदी येत नव्हते. 'अछूत कन्या' पडद्यावर आला त्याच वर्षी, म्हणजे १९३६ साली, तो हिटलरच्या नाझी पक्षाचा सदस्य झाला. त्याचे नाव फ्रान्झ ओस्टेन.

ओस्टेनचे खरे आडनाव ओस्टरमायर. जन्म २३ डिसेंबर १८७६, जर्मनीतल्या म्युनिक शहरातला. घरात फोटोग्राफीचा धंदा होता. १९०७ साली त्याने भाऊ पेटर याच्यासोबत फिरता सिनेमा सुरू केला, आपल्याकडच्या जत्रेतल्या तंबू सिनेमासारखा. पेटर हा धंद्यात मुरलेला माणूस निघाला. त्याने काढलेल्या कंपनीतून पुढे म्युनिकची 'एमेल्का' ही मोठी चित्रसंस्था उभी राहिली. आल्फ्रेड हिचकॉकने आपला पहिला पूर्ण चित्रपट १९२५ साली याच एमेल्काच्या स्टुडिओत केला, यावरून तिची ऐपत कळते. फ्रान्झ मात्र धंदेवाला नव्हता, तो कारागीर होता. पहिल्या महायुद्धात त्याची काही वर्षे गेली. परत आल्यावर तो डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या कथांवर चित्रपट करू लागला. खेडी, बर्फ, पायवाटा, उघड्यावरचे चित्रीकरण हे त्याच्या हातचे काम. भारतात त्याला हेच उपयोगी पडले.

१९२४ साली हिमांशु रॉय नावाचा एक बंगाली तरुण म्युनिकला पोहोचला. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेता घेता तो नाटकात रमला होता. त्याच्यासोबत निरंजन पाल यांनी लिहिलेली पटकथा होती. निरंजन हे स्वातंत्र्य चळवळीतले पुढारी बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव. रॉयने एमेल्कापुढे सौदा ठेवला. दिग्दर्शक, कॅमेरे आणि कॅमेरामन तुम्ही द्या. पैसा, नट आणि जागा आम्ही देतो. पैशासाठी दिल्लीत 'ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशन' उभी राहिली. १९२५च्या सुरुवातीला ओस्टेन मुंबई बंदरात उतरला. सोबत योसेफ विर्शिंग आणि विली किअरमायर हे दोन कॅमेरामन आणि बर्टल शुल्टेस हा सहायक होता. वय ४८, डोक्यावर ऊन, हाती बुद्धाची कथा!

ही कथा पटकथाकाराकडे आली होती एडविन अर्नोल्ड यांच्या १८७९ सालच्या इंग्रजी काव्यातून. या अर्नोल्डचा आपल्या पुण्याशी संबंध आहे. १८५७च्या आसपास काही वर्षे ते पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे प्राचार्य होते. त्यांच्या काव्याने युरोप-अमेरिकेत बुद्धाचे नाव घरोघरी पोहोचवले. नंतर बुद्धगयेला जाऊन आल्यावर त्यांनी महाविहाराच्या दुरवस्थेबद्दल लिहिले. ते वाचून अनागारिक धम्मपाल जानेवारी १८९१ मध्ये बुद्धगयेला आले आणि त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापन झाली. त्यामुळे अर्नोल्डचे ऋण नाकारायचे कारण नाही. पण काव्य ते काव्य. त्यातला बुद्ध हळवा, दयाळू, राजवैभव सोडून निघालेला राजपुत्र आहे. पालने आणि ओस्टेनने तोच उचलला.

चित्रपटाची सुरुवात पाहण्यासारखी आहे. हिंदुस्थान बघायला आलेले गोरे पर्यटक हिंडत हिंडत बुद्धगयेला येतात आणि बोधिवृक्षाखाली बसलेला एक म्हातारा त्यांना सिद्धार्थाची गोष्ट सांगू लागतो. म्हणजे पहिल्याच रिळात ठरून जाते की ही गोष्ट कोणासाठी सांगितली जात आहे. प्रेक्षक तो पर्यटक. खऱ्या बुद्धगयेत त्या वेळी महाविहार शैव महंताच्या ताब्यात होता आणि धम्मपाल तीन दशकांहून अधिक काळ त्यासाठी झगडत होते. त्या चौकटीत या भांडणाला जागा नव्हती. पुढे १९४९ साली कायदा झाला, त्यातही व्यवस्थापन समितीत चार हिंदू आणि चार बौद्ध अशी वाटणी झाली. हा प्रश्न अजून रस्त्यावर आहे, हे या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एक मात्र कबूल केले पाहिजे. ओस्टेनने या चित्रपटात जे केले ते त्या काळात धाडसाचे होते. स्टुडिओतले पुठ्ठ्याचे महाल नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत. जयपूरच्या महाराजांनी हत्ती, घोडे आणि लवाजमा दिला. रस्त्यावरची माणसे खरी, ऊन खरे, धूळ खरी. स्वतः हिमांशु रॉय सिद्धार्थ झाला. गोपा म्हणजे यशोधरेच्या भूमिकेसाठी कोलकात्याची एक किशोरवयीन अँग्लो-इंडियन मुलगी निवडली, रेने स्मिथ. तिला पडद्यावर सीता देवी हे नाव दिले गेले. बुद्धाच्या पत्नीला 'सीता' नावाची नटी, त्या नावामागे ख्रिस्ती मुलगी आणि कॅमेऱ्यामागे जर्मन माणूस. भारतीय सिनेमा असाच घडला.

पण जयपूरचे वैभव आले आणि शाक्यांचे गणराज्य गेले. शाक्यांमध्ये वंशपरंपरागत राजा नव्हता, अनेक घराणी आळीपाळीने कारभार पाहत आणि सिद्धार्थाच्या जन्मावेळी ती पाळी शुद्धोदनाची होती, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आरंभीच सांगितले आहे. पडद्यावर मात्र सोन्याच्या अंबारीतला सम्राट दिसतो. सिद्धार्थ म्हातारा पाहतो, आजारी पाहतो, प्रेत पाहतो आणि घर सोडतो. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार आणि मरण पाहिलेच नव्हते, हे कसे पटावे, असा साधा प्रश्न बाबासाहेबांनी ग्रंथाच्या परिचयात विचारला. त्यांनी उत्तर शोधले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या वादात. सिद्धार्थाने संघात उभे राहून युद्धाला विरोध केला, बहुमत त्याच्या विरोधात गेले आणि त्याने परिव्रज्या स्वीकारली. पाण्याचा हक्क, सभेतला ठराव, मतभेदाची किंमत. महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांना हा बुद्ध चटकन ओळखू येतो. ओस्टेनच्या पडद्यावर त्याची सावलीही नाही. हा दोष एकट्या ओस्टेनचा नाही, तेव्हा जगाला तीच दंतकथा ठाऊक होती. पण दंतकथा एकदा अशा देखण्या चित्रात उतरली की ती पुसणे फार अवघड होते, आणि त्यानंतरच्या कित्येक मालिका, कॅलेंडरे आणि नाटके त्याच वाटेने गेली.

ऑक्टोबर १९२५ मध्ये म्युनिकला चित्रपट झळकला. लंडनला तो सुमारे दहा महिने चालला. १९२६ साली विंडसरच्या किल्ल्यात पंचम जॉर्ज बादशहासाठी त्याचा खास खेळ झाला. भारतात मात्र त्याला म्हणावा तसा धंदा करता आला नाही. आणि जिथे खरोखर बौद्ध जनता राहत होती त्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, त्यावर बंदी आली. बुद्धाची भूमिका एका नटाने करावी, हेच तिथल्या बौद्धांना रुचणारे नव्हते. त्यांचे बरोबर होते की चूक, हा वेगळा वाद आहे. बुद्धावरच्या चित्रपटाचा जयजयकार बादशहाच्या किल्ल्यात व्हावा आणि बौद्धांच्या देशात त्याला दार बंद व्हावे, ही विसंगती मात्र विसरण्यासारखी नाही.

यानंतर रॉय आणि ओस्टेन जोडीने आणखी दोन मूकपट केले. १९२८चा 'शिराज' ताजमहालाच्या कारागिराची काल्पनिक कहाणी सांगतो. १९२९चा 'प्रपंच पाश' महाभारतातल्या द्यूतावरून सुचलेला आहे. दोन्हींत पुन्हा राजवाडे, हत्ती, वाघ आणि हजारोंचा जमाव. 'प्रपंच पाश' पाहताना डोळे दिपतात, हे खरेच. पण कथेत सांगण्यासारखे फारसे नाही. याच चित्रपटाच्या कामात देविका राणी सहभागी झाली आणि १९२९ साली तिचे आणि रॉयचे लग्न झाले. ती रवींद्रनाथ टागोरांच्या नात्यातली.

मग बोलपट आला आणि युरोपातल्या मूकपटांचा बाजार बसला. १९३४ साली रॉयने मुंबईत मालाडला 'बॉम्बे टॉकीज' काढली. ओस्टेन, विर्शिंग आणि आणखी काही जर्मन तंत्रज्ञ पगारावर आले. इथे ओस्टेनने पाच वर्षांत सुमारे १६ हिंदी चित्रपट दिग्दर्शित केले. भाषा येत नसलेल्या दिग्दर्शकाने हे केले कसे? संवाद समजावायला, उच्चार सांभाळायला दुसरी माणसे होती. ओस्टेन चेहरा, हालचाल आणि चौकट पाहायचा. मूकपटाचा माणूस शेवटपर्यंत मूकपटाचाच राहिला असे म्हणता येईल. 'अछूत कन्या' आवाज बंद करून पाहिला तरी बराचसा कळतो, तो याच कारणाने.

'अछूत कन्या'ची कथाही निरंजन पाल यांचीच, संवाद जे. एस. कश्यप यांचे, संगीत सरस्वती देवींचे. दुखिया हा अस्पृश्य माणूस रेल्वेच्या फाटकावर पहारेकरी आहे. गावातल्या मोहन नावाच्या ब्राह्मण दुकानदाराला साप चावतो तेव्हा दुखिया तोंडाने विष ओढून त्याचा जीव वाचवतो. दोघांची मैत्री होते. मोहनचा मुलगा प्रताप आणि दुखियाची मुलगी कस्तुरी एकत्र वाढतात, एकमेकांवर जीव लावतात. प्रताप झाला अशोक कुमार, कस्तुरी झाली देविका राणी. आजारी दुखियाला मोहन आपल्या घरी आणतो म्हणून गावकरी घरावर चालून जातात आणि आग लावतात. दुखियाची नोकरी जाते. प्रतापचे लग्न त्याच्या जातीत होते, कस्तुरीचे तिच्या. पुढे गैरसमजातून तिचा नवरा आणि प्रताप फाटकावर मारामारीला भिडतात, समोरून गाडी येते, आणि गाडी थांबवायला धावलेली कस्तुरी रुळावर मरते. गावाबाहेर रुळाच्या कडेला तिचे स्मारक होते.

सापाचे विष ओढणारे तोंड चालते, पण त्याच तोंडाची सावली विहिरीवर पडलेली चालत नाही, हा विरोधाभास चित्रपटाने मांडला, हे त्याचे श्रेय. घर जाळणारा जमावही त्याने सौम्य करून दाखवला नाही. आणखी एक गोष्ट सहज निसटून जाते, ती म्हणजे दुखियाची नोकरी. गावकीतून सुटायची वाट आपल्या आजोबा-पणजोबांना लष्कर, गिरण्या आणि रेल्वे यांनी दिली. पण रेल्वेतही जात होतीच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली, तेव्हा बाबासाहेबांनी याचाच हिशेब मांडला होता. अस्पृश्याला गँगमन म्हणून रुळावर राबता येई. स्टेशनवरचा पोर्टर मात्र होता येत नसे, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत आणि त्या घरात त्याचा स्पर्श चालत नसे. ओस्टेनच्या चित्रपटात रेल्वे फक्त शेवटचा अपघात घडवायला येते. रेल्वेचा कामगार तिथे आहे, त्याचा प्रश्न नाही.

हा चित्रपट जवाहरलाल नेहरू आणि सरोजिनी नायडू यांनीही पाहिला. पुनर्विवाहित-विधवा, दारूबंदी, हरिजनोद्धार या सुधारणांच्या ओळीत तो नीट बसला. आता त्याच वर्षी त्याच शहरात काय चालले होते ते आठवा. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले होते. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांचे भाषण रद्द केल्यावर ते मे १९३६ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. ३० आणि ३१ मे रोजी दादरच्या नायगावात मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि धर्मांतराचा ठराव झाला. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. मालाडपासून दादर लोकलने किती लांब? पण मालाडच्या स्टुडिओत घडलेल्या कस्तुरीला यातले काही ठाऊक नाही. ती कोणाकडे काही मागत नाही, कुठल्या सभेला जात नाही, कोणाला दोष देत नाही. ती मरते, आणि तिच्या मरणामुळे इतरांचे डोळे ओलावतात. दुसऱ्यांनी सांगितलेल्या आपल्या गोष्टीत आपण बहुतेकदा असेच मरतो. चवदार तळ्याला नऊ वर्षे होऊन गेली होती, काळाराम मंदिराचा सत्याग्रह होऊन गेला होता. रमणारी आणि रडणारी अछूत कन्या पडद्यावर आली, पाणी प्यायलेली मात्र आली नाही.

आणि याच वर्षी दिग्दर्शकाने नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे झाले होते. ज्यू आणि तथाकथित जर्मन रक्ताच्या माणसांनी आपसात लग्न करणे, शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा ठरला होता. रक्ताची शुद्धता, विटाळ, बेटीबंदी, हे सगळे आता जर्मनीत सरकारी शिक्क्यासह आले होते. मालाडला हा माणूस दिवसभर काय चित्रित करत होता? जातीबाहेरच्या प्रेमाला आड येणाऱ्या समाजाची निर्दयता. त्याने पक्षात का प्रवेश केला, भीतीने, सोयीने की विश्वासाने, यावर बरेच तर्क करता येतील. परदेशात काम करणाऱ्या जर्मनांवर पक्षाचे दडपण असे, हेही खरे. पण सदस्यत्व हे सदस्यत्वच, आणि ते दडपणाच्या नावाखाली पुसून टाकायचे काम निदान आपण करू नये. मुंबईत त्याच काळात वॉल्टर कॉफमन नावाचा ज्यू संगीतकार राहत होता. नाझींच्या सावलीतून निसटून तो १९३४ साली इथे आला होता. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून त्याचीच. त्याला ओस्टेनच्या पक्षाबद्दल काय वाटले असते, हे सांगायला इतिहासाच्या पुस्तकाची गरज नाही.

यावरून 'अछूत कन्या' खोटा ठरतो का? मला तसे वाटत नाही. तो चित्रपट एकट्या ओस्टेनचा नव्हता. कथा पालची, पैसा आणि धोरण रॉयचे, चेहरा देविका राणीचा. ओस्टेनने त्याला चौकट दिली आणि चांगली दिली. पण पडद्यावर करुणा दाखवणाऱ्याच्या अंगी ती असतेच, असे धरून चालू नये. आणि एक लक्षात घ्या. पाल, रॉय, ओस्टेन, देविका राणी या चौघांत ज्याच्या घरी गावकुसाबाहेरचा अनुभव होता असा एकही नव्हता. 'प्रेम संन्यास'मध्ये बौद्ध नव्हते आणि 'अछूत कन्या'मध्ये अछूत नव्हते. तेव्हा कोणाला हे खटकले नाही. आज आपल्यातली मुले-मुली कॅमेरा घेऊन उभी आहेत, तेव्हा त्यांनी हे दोन्ही चित्रपट जरूर पाहावेत, कारण प्रकाश आणि गर्दी कशी हाताळायची ते त्यातून शिकता येते. आणि काय सांगायचे राहून गेले, तेही.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले. बॉम्बे टॉकीजमध्ये 'कंगन'चे काम सुरू होते. इंग्रज सरकारने मुंबईतल्या जर्मनांना ताब्यात घेतले, त्यात ओस्टेन आणि विर्शिंग दोघेही होते. ओस्टेनला वयामुळे १९४० मध्ये सोडून जर्मनीला जाऊ दिले. त्याच वर्षी मे महिन्यात हिमांशु रॉय वारला. विर्शिंग छावण्यांमध्ये युद्ध संपेपर्यंत अडकला, सुटल्यावर मात्र इथेच राहिला. १९४९चा 'महल' त्याने चित्रित केला, 'पाकीजा'चे कॅमेरे त्याच्याच हाती होते, आणि १९६७ साली तो इथेच वारला. 'प्रेम संन्यास'साठी जहाजाने आलेल्या त्या तुकडीतला तो एकटा खऱ्या अर्थाने इथला झाला.

ओस्टेनने परत गेल्यावर युद्ध संपेपर्यंत बव्हेरियातल्या चित्रसंस्थेत काम केले. त्यानंतर दिग्दर्शन थांबले. म्युनिकजवळच्या बाड आयब्लिंग या आरोग्यस्नानासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात त्याने उरलेली वर्षे काढली. भारताचे दर्शन त्याला पुन्हा झाले नाही. २ डिसेंबर १९५६ रोजी, ८०वा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, तो वारला. नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेला तेव्हा सात आठवडे झाले होते. दिल्लीत २६, अलिपूर रोडवर बाबासाहेब 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या कामावरून शेवटचा हात फिरवत होते. ५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी प्रस्तावना आणि परिचयाची टाचणे उशाशी मागवून घेतली. ग्रंथ १९५७ साली छापून आला, आणि त्यात सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणीच्या पाण्यावरून.